अठरावी टिकली

भादवा सरत आला की आमच्या गावात बायकांची नखं पांढरी होतात. घट बसायच्या आत घर पोतारून झालं पाहिजे, म्हणून टेकडीच्या कडेची पांढरी माती खणून आणायची, भिजत घालायची, खडे काढायचे आणि फडक्याच्या बोळ्याने भिंतीवर ओढायची. आठवडाभर भाकरीलाही तिची चव लागते. वर्षातून एकदा घरच्यांनी थोडी थोडी भिंत खाल्ली म्हणून काही बिघडत नाही, असं माझी मोठी जाऊ, सरूआक्का, म्हणते.

यंदा माझी नखं पांढरी आहेत आणि तळवे हिरवट. दुपारपासून तीनदा हात धुतले तरी शेणाचा वास गेलेला नाही. लिहिताना कागदालाही लागला असेल. लागू दे.

आमचं गाव जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या वाटेवर, एका टेकडीला पाठ लावून बसलेलं. टेकडी फार उंच नाही. भरली गाडी चढताना बैल थांबत नाहीत, एवढीच. तिच्या माथ्यावर सात घरांची ओळ आहे आणि त्यातलं शेवटचं घर आमचं. आमच्या मागच्या भिंतीपासून सरळ चालत गेलं की जमीन एकदम संपते. खाली जुनी खदान. ती कोणी खणायला घेतली ते कोणाला ठाऊक नाही. तिच्या उभ्या कडेवर टेकडीचं पोट दिसतं. वर हातभर काळी माती, मग पांढरीचा थर, मग मुरूम, मुरमाखाली विटेच्या रंगाचा एक पातळ पट्टा आणि त्याखाली काळा दगड.

पुरुषांना त्यात दगड दिसतो. आम्हाला वरची पांढरी दिसते आणि खालचा तांबडा पट्टा. तो कोरडा असला तर नखाने ओरखडत नाही. ओला झाला की साबण. पाऊस वरून मुरतो, मुरमातून खाली उतरतो, पट्ट्यावर अडतो आणि खदानीच्या बाजूने बारीक थेंबांनी बाहेर येतो. याला आम्ही पट्ट्याला घाम फुटला म्हणतो. घाम फुटला की कुदळी खाली ठेवायच्या आणि घरी जायचं, मग टोपलं अर्धं का असेना.

हे मला कोणी बसवून शिकवलं नाही. माझे वडील जालन्यात मास्तर. मस्तगडात आमचं घर. मी अपूर्णांक शिकून सासरी आले आणि पहिल्याच भादव्यात डोक्यावर टोपलं मिळालं. पांढरीवर शब्द चालायचा तो हमीदाबीचा. आमच्या शेजारची, चार लेकरांची आई, तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. ईद असो की दसरा, तिची भिंत आणि आमची भिंत एकाच टोपल्यातल्या मातीने पांढरी व्हायची. खाली उतरून कोणी खणायचं, वर बसून ढेकळं कोणी फोडायची, आणि वर बसायचं ते कडेपासून किती लांब, हे सगळं तीच ठरवायची.

लांबी ठरवायची पद्धत अशी. एकीने कडेवर पालथं पडून पोहऱ्याचा दोर दगड बांधून खाली सोडायचा. दगड तळाला टेकला की कडेपाशी दोर चिमटीत धरायचा, वर ओढायचा आणि तेवढाच दोर कडेपासून मागे जमिनीवर अंथरायचा. जिथे तो संपेल, त्याच्या अलीकडे, कडेच्या बाजूला, कोणी बसायचं नाही. पाऊस चालू असेल तर आणखी निम्मा दोर. याला दोर पलटणं म्हणतात. जितकं खोल, तितकं मागे. सोपं आहे. मला इतकं सोपं वाटलं की मी पहिल्याच वर्षी चुकले.

"मास्तरची पोर हाय, मापात चुकायची न्हाई," म्हणून हमीदाबीने दोर माझ्या हातात दिला. मी तो सोडला, दगड टेकला, मी ओरडले, "चौदा हात!" दोर पलटला. सरूआक्का बरोबर चौदा हातांच्या मागे, पंधराव्यावर, पाय पसरून ढेकळं फोडत बसली. नियम तिने मोडला नाही. दोरही चुकीचा अंथरला नव्हता. पण मी ज्याला तळ समजले तो तळ नव्हता. कडेखाली आधीच्या वर्षी पडलेल्या मातीचा ढीग होता, माझा दगड त्या ढिगावर टेकला होता. खरा तळ आठ हात खाली.

कड सोळा हातांवर तुटली. सरूआक्का कमरेपर्यंत मातीत गेली आणि तिथेच अडकून राहिली म्हणून वाचली. कमरेचं हाड सरळ जुळलं नाही. त्या दिवसापासून ती डाव्या अंगाला झुकून चालते आणि मला मास्तरीण म्हणते. एकदाही तिने मला त्याबद्दल बोल लावला नाही. फक्त "मास्तरीण, मिठाचं माप तू नको घेऊ," असं रोज म्हणते. हे मी रडत सांगत नाही. झालं ते झालं. पण चौदा हा आकडा मी त्यानंतर कधी विसरले नाही.

पाच वर्षांनी गुलाबराव ठेकेदार आला.

तो नव्या जालन्याचा. गोल टोपी, करकरणारे जोडे, बोलणं गोड. सडकेसाठी दगड आणि मुरूम लागत होता आणि आमची खदान सडकेला सगळ्यांत जवळ. त्याला ती आमच्या घरांच्या दिशेने रुंद करायची होती. खदानीच्या कडेपासून माझ्या मागच्या भिंतीपर्यंत तेव्हा पंचेचाळीस हात जमीन होती. त्यातली किती खायची आणि किती सोडायची, एवढाच प्रश्न होता. गुलाबरावाला तो प्रश्न वाटत नव्हता. मला वाटत होता, कारण त्या भिंतीला लागून आतल्या बाजूने माझी चूल, चुलीशेजारी दोन लेकरं निजायची आणि त्यांच्या पलीकडे सरूआक्काची बाज.

"वहिनी, मुरूम लोखंड हाय लोखंड," तो म्हणाला. "आन् तुमाला भ्याव वाटत असंल तर खालच्या आळीत घर बांधून देतो."

"म्हणजे मी घर हलवायचं आणि टेकडी तुम्ही हलवायची?" मी म्हटलं.

तो हसला. माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "बाईला आवरा जरा."

माझा नवरा कमी बोलतो. कापसाच्या जिनिंगात यंत्रांच्या आवाजात दिवस काढणाऱ्या माणसाला बोलायची सवय राहत नाही. तो म्हणाला, "ती एकदा चुकल्ती. तवापासून दोनदा मोजती." आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

मोजणीला सरकारी अमीनसाहेब आले. बारीक अंगाचे, ओठांत पान, काखेत छत्री, बरोबर जरीब, म्हणजे मापाची लोखंडी साखळी, उचलणारी दोन माणसं. वही उर्दूत, बोलणं उर्दूत. त्यांचाही नियम तोच निघाला, हे मला आजही नवल वाटतं. खदान जितकी खोल जायची, तितकी जागा घरांपासून सोडायची. कोणत्या तरी पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. हमीदाबी माझ्या कानाशी कुजबुजली, "देख, अपना दोर इनके किताबमें गेलाय."

जुन्या खदानीच्या तळापर्यंतच खणायचं असं ठरलेलं होतं, म्हणून अमीनसाहेबांनी तीच खोली मोजायला सांगितलं. एकाने कडेवरून जरीब सोडली. खालच्याने टोक धरून हाक मारली. साहेबांनी हातांत हिशेब करून वहीत लिहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "चौदा हात."

मी डोक्यावरचा पदर दातात धरून सात-आठ बायकांच्या मागे उभी होते. सासरच्या पुरुषांसमोर, परक्या साहेबासमोर सुनेने बोलायची रीत नव्हती. मला रीत आठवली नाही असं नाही. आठवली. पण त्याच्याआधी चौदा ऐकू आलं.

"साहेब, ढिगावर मोजलंत," मी म्हटलं. "तळ अजून खाली आहे."

सगळे पुरुष माझ्याकडे बघायला लागले. एका चुलतसासऱ्यांनी मान फिरवली, जणू माझ्या डोक्यावरून पदर नव्हे, लुगडंच पडलं होतं. अमीनसाहेबांना मराठी अर्धवट कळायची. त्यांनी विचारलं, "क्या बोल रही है बाई?"

हमीदाबी पुढे झाली. "साब, बोल रही कि तुम मिट्टीके ढेरपर खडे होके कुआँ नाप रहे."

मी असं म्हटलं नव्हतं. पण तिचं भाषांतर माझ्या बोलण्यापेक्षा बरं होतं.

गुलाबरावाच्या कपाळावर आठ्या आल्या. "साहेब, बायकांचं काय ऐकून राह्यले? उन्हं चढली."

साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं, छत्री मिटली आणि आपल्या माणसांना ढिगात खड्डा मारायला लावलं. दुपार झाली. जेवणं राहिली. माती निघतच राहिली, भुसभुशीत, खाली खाली ओली. शेवटी फावडं दगडावर वाजलं. तो आवाज वरपर्यंत आला. सरूआक्का बाजेवरून उठून कशीबशी कडेजवळ आली होती, ती म्हणाली, "हां, हा तळ. माझ्या कमराला इचारा."

बावीस हात.

साहेबांनी वहीतली ओळ खोडली. "गहराई गलत, तो लकीर भी गलत," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला आजपर्यंत मान देते. चुकलो असं कागदावर लिहिणारे लोक मी फार पाहिलेले नाहीत.

गुलाबराव मात्र सोडायला तयार नव्हता. बावीस हात कशाला, मुरूम कडक आहे, इतक्या मागून तो तुटतच नाही, पाहिजे तर पायथा थोडा खणून बघू. साहेब आठ दिवस आसपासच्या गावांची मोजणी करणार होते आणि मुक्काम आमच्या चावडीत. ते म्हणाले, ठीक, आठ दिवस बघू. तुमची माणसं पायथा खणतील. जमीन कुठे फाटते ते कळेल.

"कसं कळेल?" मी विचारलं. "गवताखाली केसाएवढी भेग तुम्हाला दिसणार आहे?"

हे मी सरळ साहेबांनाच विचारलं. एकदा तोंड उघडल्यावर परत मिटण्यात काही अर्थ नव्हता.

भेग कशी बघायची ते आम्हाला ठाऊक होतं. कडेपासून मागे एकेका हातावर गवत खरवडून जमीन मोकळी करायची आणि तिथे शेणात पांढरी कालवून तळहाताएवढं सारवण घालायचं. पातळ आणि गुळगुळीत. त्याला टिकली म्हणतात. शेण एकट्याने तडकतं, पांढरी एकटी भुगा होते. दोन्ही मिळून वाळले की पापुद्रा पाटीसारखा घट्ट बसतो. खालची जमीन केसभर सरकली तरी तो मधोमध चिरतो. जनावर काठाला न्यायचं की नाही, वाट बदलायची की नाही, ते आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या असं बघत आल्या.

आम्ही पंचेचाळीस टिकल्या घातल्या. पंचेचाळिसावी माझ्या भिंतीला टेकून. साहेबांनी कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं, पहिल्या टिकलीवर पाय पडणार तेवढ्यात हमीदाबी ओरडली, "साब, पाँव!" आणि ते एखाद्या पोरासारखे उडी मारून बाजूला झाले.

त्या भादव्यातले ते दिवस मला वासाने आठवतात. ओलं शेण, ओली पांढरी, वर तापलेलं ऊन, खालून कुदळींचा आवाज. बाजरीला दाणा भरत होता आणि पाखरं हाकायला कोणाला वेळ नव्हता. सकाळी उठून चुलीआधी टिकल्या. सरूआक्का काठी टेकत ओळीच्या बाजूने चालायची आणि मोजत जायची. मुरूम खणणाऱ्या मजुरांना मी रोज सांगायची, तांबड्या पट्ट्याला घाम दिसला की बाहेर या, मुकादमाला विचारत बसू नका. ते हसायचे, पण बघायचे. चौथ्या दिवशी सरी येऊन गेल्या. पाचव्या दिवशी पट्ट्याला घाम फुटला आणि मजूर खरंच बाहेर आले.

सहाव्या दिवशी सकाळी सरूआक्काने हाक मारली, "मास्तरीण, हिकडं ये. माझ्यासारखी झाली बघ एक."

अठरावी टिकली. मधोमध, केसाएवढी रेघ. शेजारच्या दोघींवर तिचीच टोकं.

अठरा म्हणजे काय ते मी तिथेच उभ्या उभ्या करून बघितलं. कड होती तिथे असताना जमीन अठरा हात मागून सुटत होती. गुलाबरावाला ती कड माझ्या भिंतीपासून चौदा हातांवर आणायची होती. मग अठरावा हात भिंत ओलांडून चार हात आत पडणार. चार हात आत माझी चूल आहे.

साहेब शेजारच्या गावाला गेले होते, तिसऱ्या प्रहरी येणार होते. आणि तो दिवस अंबडच्या बाजाराचा. आम्ही भेग झाकून ठेवली नाही, पहाऱ्याला कोणी बसवलं नाही, निघून गेलो बाजाराला. सरूआक्काही त्या दिवशी वैद्याकडे म्हणून गाडीत बसली. शेणाची भेग कोण चोरून नेणार?

बाजारातून आलो तर अठरावी टिकली सबंध होती. सतरावी, एकोणिसावीही. तिन्ही ओल्या, गुळगुळीत. आणि साहेब तिथेच उभे, गुलाबराव त्यांच्या बाजूला, मुकादम मागे.

"बघा," गुलाबराव म्हणाला. "कुठं हाय भेग? मी म्हन्लो न्हाई का, लोखंड."

मी खाली वाकले. रागाने माझे कान तापले होते. पण टिकली बघितली आणि राग बाजूला राहिला. मला हसू आलं.

"हमीदाबी," मी म्हटलं, "हा हात कुणाचा?"

तिने डोळे बारीक केले. बोट न लावता म्हणाली, "अपना नहीं."

सारवणाला हात असतो. ज्यांनी आयुष्यात कधी जमीन सारवली नाही त्यांना हे सांगून पटत नाही. तळहात पंख्यासारखा फिरतो, त्याची कमान प्रत्येकीची निराळी. माझी आखूड आणि दाट. हमीदाबीची लांब, शेवटी करंगळीचा एक ओढा. सरूआक्काची कमरेमुळे एका अंगाला कललेली. त्या तीन टिकल्यांवर कमान नव्हतीच. वरून खाली, वरून खाली, चुना मारल्यासारखे सरळ पट्टे.

"सारवण तो सारवण है," साहेब म्हणाले.

"साब," हमीदाबी म्हणाली, "तुम्हारा दस्तखत दुसरा कोई मारे तो पहचानते ना? बस, वही."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी हमीदाबीला पाठ फिरवून उभं केलं, आम्हा सहाजणींना जमिनीवर एकेक हात सारवायला लावला, नंतर आम्हाला लांब उभं केलं आणि तिला वळून बघायला सांगितलं. तिने चालत चालत नावं घेतली. सहाच्या सहा. एकीचं नाव घेताना म्हणाली, "ये कमला, जल्दबाज, कोपऱ्यात शेण उरलंय." कमला लाजून लाल झाली.

मग साहेब मुकादमाकडे वळले. "अब तुम."

"मी, साहेब?"

"हाँ, तुम. बैठो."

मिशा पिळलेला तो बाप्या शेणाच्या घमेल्यापुढे उकिडवा बसला. सगळं गाव बघत होतं. त्याने हात बुडवला आणि वरून खाली पट्टा ओढला. मग दुसरा. हुबेहूब. लांबून सरूआक्का म्हणाली, "अगं बाई, सून म्हणून आणायला काय हरकत न्हाई!" बायका इतक्या हसल्या की गुरं बुजली. मुकादम गुलाबरावाकडे बघत राहिला, गुलाबराव जोड्यांकडे.

साहेब हसले नाहीत. त्यांनी छत्रीच्या टोकाने अठराव्या टिकलीवरचं ओलं सारवण खरवडलं. खालची भेग आता करंगळी शिरेल एवढी झाली होती.

त्यांनी घरांच्या बाजूने खणणं बंद केलं. दगड हवा असेल तर माळाच्या बाजूने घ्या. भेगेच्या मागे दोन हातांवर हद्दीचे चार दगड रोवून घेतले, आणि जाताना एक गोष्ट वहीत लिहिली जिचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. कड पडली तर खाली येईल तो ढीग कोणी उचलू नये.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी कड गेली. मोठा आवाज झाला नाही. धान्याचं पोतं ओतावं तसा घरंगळल्याचा आवाज, मग धूळ. आम्ही बघायला गेलो तेव्हा अठराव्या टिकलीचा अर्धा भाग काठावर शिल्लक होता. खाली कोणी नव्हतं, वर कोणी नव्हतं. सरूआक्काने ते अर्धं सारवण बघितलं आणि म्हणाली, "चला, पोतारा वाळायचा हाय." आम्ही परत येऊन भिंती पोतारल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. त्या ढिगावर तरवड माजलाय, दोन बाभळी आहेत, शेळ्या चढतात. मी तो ढीग रोज बघते. त्याने मला एकदा फसवलं आणि सरूआक्काची कंबर घेतली. तोच आता कडेला खालून खांदा देऊन उभा आहे. हे कळायला मला पुस्तक लागलं नाही. त्या पडझडीनंतर दर भादव्यात टिकल्या घातल्या, एकही चिरली नाही. ज्या बाजूला ढीग नाही त्या बाजूला दोनदा चिरल्या.

परवा चावडीवर नवा कागद आला. नवा ठेकेदार, नवी मागणी. खदान आणखी दहा हात खोल करायची. पायथ्याला पडलेला निरुपयोगी राडा आधी उचलायचा. वरचे हद्दीचे चार दगड कशासाठी आहेत ते कोणाला माहीत नसल्यामुळे काढून टाकायचे. पाटलांनी वाचून मराठीत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, गावाची हरकत नाही म्हणून अंगठे झालेत.

"कुणाचे?" मी विचारलं.

"घरटी एक. पुरुषांचे."

माझ्या नवऱ्याने अंगठा दिलेला नाही. सात घरांच्या ओळीतल्या कोणीच दिलेला नाही. खालच्या आळीने दिला. त्यांच्या घरामागे खदान नाही.

मी आज सकाळी पोहऱ्याचा दोर घेतला. मोजायचं काही नव्हतं, आकडे मला पाठ आहेत, तरी मोजलं, आणि दोनदा मोजलं. ढीग गेला आणि तळ आणखी दहा हात खोल झाला की बत्तीस हात. कडेपासून माझ्या भिंतीपर्यंत राहिलेत सत्तावीस. बत्तीस हातांचा दोर पलटला तर तो मागच्या दाराने घरात येतो आणि चुलीपाशी संपतो. पावसाळ्याचा निम्मा धरला तर समोरच्या अंगणात.

चूल तीच आहे. सरूआक्काची बाजही तीच. लेकरं मोठी झाली, त्यांची लेकरं तिथे निजतात. मी दोर चुलीपाशी तसाच टाकून ठेवला. माझी सून त्याला ओलांडून भाकऱ्या करत होती. तिने विचारलं, "हे काय करून राह्यल्या आत्याबाई?"

"बघून ठेव," मी म्हटलं. "आणि उद्यापासून दोर तू सोडायचा. मी शेजारी उभी राहीन. दगड टेकला की लगेच ओरडायचं नाही. दोर हलवून बघायचा. मऊ लागला तर तळ नव्हे."

मग आम्ही घमेली घेऊन निघालो. सत्तावीस टिकल्या, सत्तावीस बायका. एकीने एकच घालायची असं मी ठरवलं होतं. खालच्या आळीतल्याही नऊजणी आल्या. त्यांच्या नवऱ्यांचे अंगठे कागदावर आहेत. त्यांनी ते सांगितलं आणि पदर खोचला. एक म्हणाली, "त्यांनी त्यांचा अंगठा देला. हात माझा हाय."

हमीदाबीला आता नीट दिसत नाही. नातीने तिला हाताला धरून आणलं. ती ओळीच्या बाजूने बोटं फिरवत गेली, ओल्या सारवणाला अगदी वरच्या वर टेकवत, आणि प्रत्येक टिकलीशी थांबून नाव घेत गेली. दोन चुकल्या. नव्या सुनांचे हात तिला माहीत नव्हते. त्यांच्या टिकल्यांवरून तिने पुन्हा बोटं फिरवली आणि ते हात लक्षात ठेवले.

सत्ताविसावी तिची स्वतःची. माझ्या भिंतीला टेकून, लांब कमान, शेवटी करंगळीचा ओढा.

नवे अमीनसाहेब परवा येणार म्हणतात. खुशाल येऊ देत. जरीब आणू देत, पुस्तक आणू देत, अंगठ्यांचा कागद आणू देत. दोर चुलीपाशी पडलेला आहे, तो ओलांडून आत यावं लागेल. आणि कडेकडे जाताना पाऊल जपून टाका म्हणावं. तिथे सत्तावीस सह्या वाळत घातल्यात.